आधी गाव लीजमधून वगळा

गोव्यातल्या शिरगावची लईराई देवीची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला भरते. पाऊस तेव्हा महिनाभर तरी लांब असतो. व्हाळ आटलेले असतात, विहिरी तळाला गेलेल्या असतात, कुळागरातल्या माडा-पोफळींना पाणी पुरवताना जीव मेटाकुटीला येतो. वर्षातल्या अशा कोरड्या दिवसांत हजारो धोंड, म्हणजे देवीचे भक्त, व्रत धरतात. घर सोडून विहिरीकाठी, झरीकाठी, तळ्याकाठी माटव घालून राहतात, सोवळ्यात शिजवून खातात, पुन्हा पुन्हा आंघोळ करतात. जत्रेच्या दिवशी शिरगावला येऊन तळीत बुडी मारतात आणि हातात वेताची काठी घेऊन पहाटे होमकुंडातल्या निखाऱ्यांवरून चालत जातात. बघणाऱ्यांचे डोळे निखाऱ्यांवर खिळतात. मला मात्र लहानपणापासून नवल वाटत आले ते पाण्याचे. व्रत पाण्याकाठी, स्नान तळीत आणि देवीचे रूप म्हणजे कलश. ज्या पूर्वजांनी एवढा मोठा उत्सव ऐन वैशाखात ठेवला, त्यांचा गावच्या पाण्यावर किती भरवसा असला पाहिजे!

माझे आजोळ याच गावचे. मी लहान असताना आजीच्या परसातल्या विहिरीला जत्रेच्या दिवसांतही दहा-बारा हात दोर पुरायचा. नंतर दर दोन-तीन वर्षांनी मामा दोराला दोर जोडू लागला. मग पंप आला. मग एका वर्षी पंपाने नुसता गाळ ओढला. त्या जत्रेला आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना हातपाय धुवायला टँकरचे पाणी द्यावे लागले. आजी त्या दिवशी कुणाशी फारसे बोलली नाही. पाहुण्याला पाणी मोजून द्यायची वेळ तिच्या घरावर पहिल्यांदाच आली होती.

आता इथल्या लोहखनिजाच्या बंद पडलेल्या खाणी पुन्हा सुरू होत आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या चार ब्लॉकांचा, म्हणजे खाणीसाठी आखलेल्या क्षेत्रांचा, लिलाव झाला. त्यांतले तीन आमच्या डिचोली तालुक्यातले: डिचोलीचा सुमारे ४७८ हेक्टरांचा, शिरगाव-मयेचा सुमारे १७१ हेक्टरांचा आणि मोंत द शिरगावचा. चौथा सांगे तालुक्यातला काले. २०२४ मध्ये डिचोलीच्या ब्लॉकमधून खनिज काढायला सुरुवातही झाली. यांची लिजे, म्हणजे खाणकामाचे भाडेपट्टे, ५० वर्षांची आहेत. मुळगाव आणि शिरगावचे लोक जनसुनावणीत, ग्रामसभेत, मोर्चात पुन्हा पुन्हा एकच मागत आले आहेत: आमची घरे, देवळे, तळी आणि शेते आधी लीजमधून वगळा, मग खाणीचे काय ते बोलू. ही मागणी रास्त आहे. ती मान्य होईपर्यंत या गावांत फावडेभरही माती हलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर एक उत्तर नेहमी मिळते. घरे लीजमध्ये आहेत ती कागदावर, कुणी ती पाडायला येणार नाही, उगाच घाबरू नका. मला हे उत्तर समजतच नाही. घराखालची जमीन खणायचीच नसेल, तर ती लीजमध्ये ठेवायची कशाला? वगळून टाकली तर कंपनीचे काही जात नाही आणि सरकारचेही काही जात नाही. गावाच्या जिवाला मात्र स्वस्थता लाभते. एवढी साधी गोष्ट होत नसेल, तर ५० वर्षांत कधी ना कधी ती जमीन लागेल अशी कुणाची तरी अटकळ आहे, असेच गावाने समजायचे का? आज पाळण्यात असलेले पोर हे लीज संपेल तेव्हा पन्नाशीत असेल. त्याने घर शाकारताना, भिंत वाढवताना, भावाभावांत वाटणी करताना सगळा जन्म या रेषेकडे बघत काढायचा?

ही रेषा आली कुठून, हे मुळात बघायला हवे. २० सप्टेंबर १९०६ रोजी पोर्तुगीज सरकारने आपल्या वसाहतींसाठी खाणींचा कायदा केला. कुठे खनिज सापडले की त्याची नोंद करायची आणि पुढे १०० हेक्टरांपर्यंतचे क्षेत्र सवलत म्हणून मिळवायचे, अशी त्याची साधारण रीत होती. सवलत कायमची. नकाशावर या खुणेपासून त्या खुणेपर्यंत रेघ ओढली जायची. त्या रेघेखाली कुणाची वायंगण, म्हणजे उन्हाळी भातशेती, आहे, कुठे गावच्या राखणदार देवाचे ठाणे आहे, कुठल्या व्हाळाचा उगम आहे, हे बघण्याचे कारण लिस्बनच्या कायद्याला नव्हते. कितीतरी वर्षे या सवलती नुसत्या कागदावर पडून होत्या. दुसरे महायुद्ध संपल्यावर जपानच्या पोलाद कारखान्यांना खनिज हवे झाले आणि १९४७ च्या सुमाराला गोव्याची निर्यात सुरू झाली. तेव्हा हातात कुदळ आणि डोक्यावर पाटी हेच यंत्र होते, आणि पाटी उचलणाऱ्यांत बायकाच अधिक. १९६१ पर्यंत वर्षाला ६० लाख टनांच्या वर माल जाऊ लागला होता.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. पोर्तुगीज गेले, त्यांची रेघ राहिली. १९८७ मध्ये संसदेने कायदा करून सवलती रद्द केल्या आणि त्यांची लिजे केली. तेव्हाही हद्द तीच. त्या लिजांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ ला संपली होती, असे सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सांगितले. तरी पुढच्या काही महिन्यांत ८८ लिजांचे नूतनीकरण झाले. ७ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयाने तेही रद्द केले. मग लिलाव आला आणि ब्लॉक आखले गेले, तेही जुन्याच लिजांच्या हद्दी एकत्र जोडून. शंभर-सव्वाशे वर्षांत राज्यकर्ते बदलले, कायदे बदलले, कंपन्या बदलल्या, आणि दर वेळी गावाला पुन्हा विचारायची संधी होती. ती एकदाही कुणी घेतली नाही. लिलाव ही तर सोन्यासारखी संधी होती. सगळे नव्यानेच सुरू करायचे होते, तर मोजणीही नव्याने करता आली असती.

आमच्या भागाला आजकाल सर्रास 'खाणपट्टा' म्हणतात. वर्तमानपत्रात तोच शब्द, विधानसभेत तोच. माणसांना 'खाण अवलंबित' म्हणतात. कानावर पडून पडून आमचीच मुले स्वतःची ओळख तशी करून देऊ लागली आहेत, आणि मला याचे फार वाईट वाटते. या मुलखाचे जुने नाव भतग्राम. १७८१ मध्ये पोर्तुगीजांनी सावंतवाडीच्या भोसल्यांकडून डिचोली घेतली. जुन्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या तालुक्यांत, देवळे पाडण्याचा जो काळ येऊन गेला, तो इथे आला नाही. म्हणून इथे काला, गवळणी, घोडेमोडणी, भजनी सप्ताह आणि मराठी नाटक टिकले. डिचोलीपासून जवळच नार्वे आहे. तिथे सप्तकोटीश्वराचे देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा बांधायला लावले. लामगावला आणि हरवळ्याला खडकात कोरलेल्या गुंफा आहेत, त्या त्याहूनही कितीतरी जुन्या. एवढ्या दीर्घ आयुष्यात खाण येऊन साठ-सत्तर वर्षे राहिली. तेवढ्यावरून गावाचे नाव बदलावे, इतका तिचा हक्क नाही.

या मुलखाचा एक नकाशा आमच्या आज्यांना तोंडपाठ असे. लईराई शिरगावची, केळबाई मुळगावची, महामाया मयेची, मोरजाई मोरजीची. मिराबाई म्हापशाची, तिला मिलाग्रीस सायबीण म्हणून हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही मानतात. भाऊ खेतोबा वायंगिणीचा. सात बहिणी आणि एक भाऊ. आजही लईराईची ओटी भरणारी बाई मिलाग्रीसच्या फेस्तालाही जाऊन येते, आणि यात काही विशेष आहे असे तिला वाटतही नाही. आता या नकाशावर लिलावाचे ब्लॉक ठेवून बघा. शिरगाव, मुळगाव, मये: तीन सख्ख्या बहिणींची गावे एका तांबड्या पट्ट्यात येतात.

मात्र खाणीपूर्वीचा काळ म्हणजे रामराज्य होते, असे मी म्हणणार नाही. गावकरी ही संस्था मोठी होती. जमीन सामाईक, ठरावीक मुदतीने शेतांची पावणी म्हणजे लिलाव, त्या उत्पन्नातून बांध आणि पाण्याची दारे म्हणजे मानस राखायचे, देवकृत्याचा खर्च काढायचा आणि उरेल ते जोण म्हणून वाटायचे. पोर्तुगीज आले तेव्हा तिसवाडीतली ही पद्धत इतकी घट्ट बसलेली होती की १५२६ मध्ये त्यांनी तिच्या रीतीभाती फोराल नावाच्या सनदेत लिहून घेतल्या आणि कारभार तसाच चालू दिला. पण जोण मिळायचा तो मूळ गावकरी घराण्यांच्या पुरुष वंशजांना. बायकांना वाटा नव्हता. ज्यांच्या घामावर बांध उभा राही, त्या दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकारांना आणि कुळांनाही नव्हता. कूळ कायदा १९६४ चा, मुंडकार कायदा १९७५ चा. त्याआधी भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने, डोळे वटारले की झोपडी हलवावी लागे. अशा माणसाला खाणीवरच्या पाटीने पहिल्यांदा रोख मजुरी दिली आणि ती घ्यायला भाटकाराच्या अंगणात उभे राहावे लागले नाही. आमच्या वाड्यावरच्या कितीतरी घरांना कौले चढली ती खाणीच्या पगारावर. मुले शिकली ती त्याच पैशांवर. हे विसरून जो खाणीविरुद्ध बोलतो, त्याचे गावात कुणी ऐकत नाही, आणि ऐकूही नये.

पण १९६० ची खाण आणि २००५ नंतरची खाण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चीनची मागणी वाढली, आणि जो हलक्या प्रतीचा माल आधी फेकून देत असत त्यालाही गिऱ्हाईक आले. २०१०-११ च्या सुमाराला गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास खनिज जाऊ लागले. राज्याची लोकसंख्या पंधरा लाखांच्या आत. म्हणजे माणशी तीस टनांच्या वर, लहानथोर धरून दर माणसामागे वर्षाला तीन ट्रक भरतील एवढे. आणि एक टन खनिज मिळवायला दोन ते तीन टन माती बाजूला काढावी लागते. ती माती डंपांच्या, म्हणजे ढिगाऱ्यांच्या, रूपाने आमच्या शेतांच्या डोक्यावर येऊन बसली. पहिल्या पावसात ती खाली उतरते. आमच्या मळ्यात एका वर्षी गुडघाभर तांबडा रेंदा आला. भाताची रोपे त्याखाली गेली. रेंदा सुकल्यावर जमीन विटेसारखी टणक झाली, नांगराला दाद देईना. नुकसानभरपाई आली ती त्या एका पिकाची. मळा पुढची कितीतरी वर्षे पडीक राहिला, त्याचा हिशेब कुणी मांडला नाही.

पाण्याचे गणित याहून खोल आहे, आणि ते प्रत्येक ग्रामसभेत फळ्यावर काढून समजावले पाहिजे, असे मला वाटते. आमच्या डोंगरांच्या माथ्यावर जांभा दगडाचा थर असतो. तो सच्छिद्र. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. त्यातला मोठा भाग जांभा पिऊन घेतो आणि सावकाश खाली सोडतो. खाली लोहखनिजाची भुकटी असते, आणि पाणी धरून ठेवण्यात तिच्याइतके तरबेज दुसरे काही नाही. म्हणजे बाजारात जे विकायचे, तीच गावची पाण्याची टाकी. झरी तिच्यावर चालतात, वायंगण तिच्यावर पिकते, विहिरी आणि तळ्या तिच्यावर भरतात. खाण जांभा उचलते, मग भुकटीत शिरते, पाण्याच्या पातळीखाली जाते. खंदक कोरडा ठेवायला रात्रंदिवस पंप लावते. काही खंदक समुद्रसपाटीच्याही खाली गेले. शेजारच्या विहिरींतले पाणी उताराने खंदकाकडे धावणार नाही तर काय करणार? आजीच्या दोराची लांबी कशाने वाढत होती, हे मला कळायला वयाची तिशी उलटावी लागली. तोवर आम्ही सगळे पाऊस कमी झाला म्हणूनच हळहळत होतो.

सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेला. त्याच महिन्यात राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. पंप बंद पडले. पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांनंतर आमच्या विहिरीत पुन्हा पाणी दिसू लागले. पूर्वीइतके नाही, पण वैशाखात घागर बुडेल एवढे. माझ्या दृष्टीने हा फार मोठा पुरावा आहे. एवढे ओरबाडल्यानंतरही डोंगरात पाणी धरायची थोडी ताकद उरली आहे, आणि पंप थांबला की ती काम करू लागते. राज्याने त्या बंदीच्या वर्षांत गावागावातल्या विहिरींची पातळी दर महिन्याला मोजून जाहीर करायला हवी होती. तशी संधी पुन्हा मिळणार नाही.

त्याच वर्षांत गावावर काय ओढवले, तेही सांगायला हवे. कर्ज काढून ट्रक घेतलेली पोरे होती. कुणाचे तीन ट्रक, कुणाचा एक, तोही बायकोचे दागिने गहाण टाकून घेतलेला. ट्रक अंगणात उभे राहिले, टायरांतून रान उगवले. गॅरेजवाला, चहावाला, टायर पंक्चर काढणारा, बार्जवरचा खलाशी, सगळ्यांचेच बसले. सरकारने महिन्याचे साहाय्य दिले, कर्जात सवलतीची योजना आणली. त्याने भूक भागली, माणूस उभा राहिला नाही. काही मुले वेर्ण्याला, पिळर्णला कारखान्यांत लागली, काही परदेशी गेली. जे राहिले त्यांना खाण हवी आहे, आणि मी त्यांना दोष देत नाही. माझा आतेभाऊ त्यांच्यातलाच. तो मला म्हणतो, "तुला पगार येतो, म्हणून तुला विहीर दिसते." हे बोल मला लागतात. पण त्याच आतेभावाचे घर लीजच्या रेषेत आहे. त्याला रोजगार हवा आणि घरही हवे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मागता येतात, हे त्याला कुणी सांगितलेच नाही. एक तर खाण, नाही तर गाव, असे दोनच रस्ते त्याच्यासमोर ठेवले गेले.

दक्षिणेत केपे तालुक्यातल्या कावरे-पिर्लाच्या लोकांनी तिसरा रस्ता दाखवला होता. खाण चालायचीच असेल तर गावच्या सहकारी संस्थेने चालवावी, गावाने किती आणि कुठे खणायचे ते ठरवावे, अशी त्यांची मागणी. ती सरकारने उचलून धरली नाही. उत्तरेत सत्तरीतल्या सोनशीच्या लोकांनी एप्रिल २०१७ मध्ये धुळीला आणि पाणीटंचाईला कंटाळून ट्रक अडवले, तर चाळीसहून अधिक गावकऱ्यांना कोठडीची हवा खावी लागली. ज्यांच्या स्वयंपाकघरातल्या भाकरीवर दिवसभर तांबडी धूळ बसते, त्यांनी रस्त्यावर बसू नये, अशी अपेक्षा मी तरी करू शकत नाही.

धुळीवरून आठवले. धालो पौषात असतात. वाड्यावरच्या बाया रात्री मांडावर जमतात, समोरासमोर दोन रांगा धरून गातात, मागे-पुढे सरत नाचतात. मांड त्याआधी सारवून लख्ख करतात. ट्रकांची गर्दी होती त्या वर्षांत संध्याकाळी सारवलेल्या मांडावर रात्रीपर्यंत पावलांचे ठसे उमटतील इतकी धूळ बसायची. तुळशीची पाने तांबडी. गावच्या नाटकाची तीच गत. आमच्याकडे देवळाच्या उत्सवात गावच्या पोरांनीच बसवलेले नाटक होते, त्याची तालीम दोन-दोन महिने चालते. ट्रक धावू लागल्यावर पोरांचा जीव ट्रिपांत. पहाटे निघायचे, रात्री गाडी धुऊन झोपायचे, तालमीला कोण येणार? पैसा मात्र आला होता. मंडप झगमगीत झाला, ध्वनिव्यवस्था भाड्याने आली, एका वर्षी बाहेरची कंपनी बोलावून नाटक केले आणि आपली माणसे प्रेक्षकांत बसली. खाणी बंद झाल्यावर पडदे भाड्याने आणायला पैसे नव्हते, तेव्हा जुने पडदे शिवून पोरांनी पुन्हा स्वतःचे नाटक उभे केले. नायक झालेला मुलगा दिवाळखोर ट्रकवाला होता. त्याच्या प्रवेशाला टाळ्या पडल्या, त्या अजून माझ्या कानांत आहेत.

खाणीतून गावाला किती मिळाले, या प्रश्नाला कुणी सरळ उत्तर देत नाही. ऑगस्ट २००९ पर्यंत लोहखनिजावरची रॉयल्टी टनामागे मोजक्या रुपयांची होती, मग विक्रीच्या किमतीवर टक्केवारीने लागू झाली. २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विक्रीच्या दहा टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवायला सांगितली आणि वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली. २०१५ च्या कायद्याने खाणींची झळ लागलेल्या भागांसाठी जिल्हा खनिज निधी आला. जुन्या लिजांनी रॉयल्टीच्या तीस टक्के त्यात भरायचे, आणि लिलावात गेलेल्या नव्या लिजांनी फक्त दहा टक्के. लिलावात सरकारला जास्त बोली मिळते म्हणून गावाचा वाटा एक तृतीयांश करायचा, यातला न्याय मला सापडत नाही. बोलीची रक्कम राज्याच्या तिजोरीत जाते. विहीर आटते ती गावात. निदान गोवा सरकारने बोलीच्या रकमेतून हा फरक भरून काढावा. केंद्राच्या नियमानुसार या निधीतला किमान साठ टक्के पैसा पिण्याचे पाणी, पर्यावरण, आरोग्य, शिक्षण अशा कामांवर खर्च व्हायचा, पुढे ते प्रमाण सत्तर टक्क्यांवर नेले. मग रेंद्याखाली गेलेले मळे मोकळे करण्याचे काम या पैशातून पहिल्या रांगेत यायला हवे. आमच्या भागात पडीक मळ्यांची कमतरता नाही, आणि ज्यांचे ट्रक गंजले त्यांच्यापैकी कितीतरी जणांना यंत्रे चालवता येतात. तीच यंत्रे, तेच हात, आणि मजुरी मळा साफ करण्याची. एक-दोन गावांत तरी करून बघा.

उरलेल्या खंदकांचेही तसेच. पावसात ते तुडुंब भरतात. काठ ढासळेल या भीतीने खालच्या वाड्यांवरची माणसे आषाढात रात्र रात्र जागी असतात. उन्हाळ्यात पाणी कमी पडले की सरकारला याच खंदकांची आठवण होते आणि ते पाणी उपसून नदीत, तिथून जलशुद्धीकरणाला नेले जाते. म्हणजे हे साठे आता राज्याच्या उपयोगाचे आहेत. मग त्यांची देखभाल, कुंपण, काठांची मजबुती आणि त्या पाण्यावर पहिला हक्क कुणाचा, हे ठरवताना गावाला बोलवावे. ज्यांच्या विहिरींतून ते पाणी गेले, त्यांच्या मळ्यांना ते आधी मिळावे.

आणि डंप. २०२३ मध्ये सरकारने डंपांचे धोरण केले. जुनी माती उचलून त्यातले खनिज विकायचे ठरले. उचलायला माझा विरोध नाही. पण त्यातले कितीतरी डंप लीजच्या बाहेर, कुणाच्या तरी शेतात, कुणाच्या डोंगरात टाकलेले आहेत. तिथून माल निघताना जमीनमालकाला आणि कुळाला मोकळी जमीन परत मिळणार की तिथे नवा खड्डा उरणार, हे उचलण्याआधी लिहून द्या.

काही जण मला म्हणतात, खनिज जमिनीखाली ठेवून गोव्याने खायचे काय? मी ते जमिनीखाली ठेवा म्हणत नाही. वर्षाला किती काढायचे हे पाण्यावरून ठरवा, एवढेच म्हणतो. आज ते ठरते बाजारभावावरून, लिलावात लावलेल्या बोलीवरून आणि बंदरावर थांबलेल्या जहाजावरून. विहिरींच्या पातळीचा हिशेब कंपनीच्या सल्लागाराच्या अहवालात कुठेतरी तक्त्यात असतो, इंग्रजीत, शेकडो पानांच्या मागे. गावाच्या हातात स्वतःचा असा एकही आकडा नसतो. म्हणून जनसुनावणीत आमची माणसे घसा फोडून बोलतात आणि समोरचा अधिकारी विचारतो, पुरावा काय?

तो पुरावा आपणच उभा करावा, असे मला वाटते. शिरगाव, मुळगाव आणि मयेच्या पंचायतींनी प्रत्येक वाड्यावरच्या दोन-तीन विहिरी निवडाव्यात. दर वर्षी वैशाख शुद्ध पंचमीला, धोंड तळीवर उतरण्याआधी, काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. मोजताना शाळेतली मुले असावीत, गावच्या चार म्हाताऱ्या असाव्यात. आकडा ग्रामसभेच्या वहीत लिहावा आणि त्याखाली सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. पाणी गेल्या वर्षापेक्षा ठरावीक हातांनी खाली गेले, तर पुढच्या वर्षीचे उत्खनन तेवढ्या प्रमाणात कमी करावे, अशी अट लीजच्या करारात घालायला लावावी. मोजणीसाठी कुठल्या परवानगीची गरज नाही, निधीची नाही, तज्ज्ञांची नाही. एक दोर, एक टेप आणि एक वही लागेल. पहिली नोंद येत्या पंचमीलाच करता येईल. दोर मी आणतो. आजीच्या विहिरीचा जोडून जोडून लांबवलेला दोर मामाच्या पडवीत अजून खुंटीला आहे.